मुलगीही तीच, आईही तीच

ग्रीक अभिनेत्री आयरीन पापास म्हणजे 'झोर्बा द ग्रीक' सिनेमातली विधवा, बाकी सगळं किरकोळ, असं कुणी म्हणतं ते काही पटत नाही. ती विधवा (१९६४) जबरदस्तच आहे. संवाद जेमतेम, सगळं काम डोळ्यांनी केलंय. पण खरी पापास बघायची तर दिग्दर्शक काकोयानिसने प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या शोकांतिकांवर केलेल्या सिनेमांमध्ये. १९६२च्या 'इलेक्ट्रा'त ती आईने केलेल्या बापाच्या खुनाचा सूड म्हणून भावाच्या हातून आईलाच मारवते. आणि १९७७च्या 'इफिजेनिया'त ती स्वतःच ती आई, क्लायटेमनेस्ट्रा, झालीये! दिग्दर्शक तोच. पोटच्या लेकीचा बळी द्यायला निघालेल्या नवऱ्याशी (म्हणजे पुढे खून होणाऱ्या त्याच बापाशी) भांडणारी ती बाई पाहिली, की पंधरा वर्षं आधीच्या सिनेमात आपण कुणाच्या बाजूने होतो याचीच शंका येते. दोन्ही लागोपाठ बघा, आधी 'इफिजेनिया'.

'गन्स ऑफ नॅव्हरोन'मध्ये (१९६१) फितूर मुलीला शेवटी गोळी घालणारी मारियाही हीच. (रहस्यभेद झाला, पण साठ वर्षांनी चालतं!) 'झेड'मध्ये मात्र तिच्या वाट्याला फारच थोडं आलंय.