धाब्यावर बसवणे : हे धाबं कुठलं?

गेल्या महिन्यात आमचं आजोळचं घर पाडलं. बार्शीकडचं गाव, माळवदाचं घर, दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती. मामाने व्हिडिओ पाठवला. जेसीबीचा पंजा माळवदात घुसला आणि पांढऱ्या धुळीत पुढचं काही दिसेनासंच झालं. माझ्या मुलाने तो बघून विचारलं, "ग्रामपंचायतीचे नियम धाब्यावर बसवून पाडलं का?" मी म्हटलं, कुठल्या धाब्यावर? तर म्हणे हायवेवरच्या. त्याच्या डोळ्यांपुढे नियम बाजेवर बसून दाल-तडका खातायत!

मामा म्हणाला, "अरे, आत्ता जे पाडलं तेच ते धाबं." पण आमच्याकडे धाबं कुणी म्हणत नाही, माळवदच म्हणतात. तर दोन शंका. वाक्प्रचारातलं धाबं म्हणजे घरावरचं मातीचं सपाट छप्पर, हे बरोबर ना? आणि छपरावर बसवलं की न जुमानणं कसं होतं?

खानदेशी
मामा बरोबर आहेत. आमच्याकडे घर धाब्याचं, नाहीतर पत्र्याचं. आता खाली आरसीसीचा स्लॅब असतो, तरी उन्हाळ्यात "धाब्यावर झोपायला जातो" असंच म्हणतो. घोटाळा व्याकरणाने केलाय. ते धाबं नपुंसकलिंगी, हायवेवरचा धाबा पुल्लिंगी, पण सामान्यरूप दोघांचंही 'धाब्या'. 'धाब्यावर' ऐकून कुठला ते कळणार कसं? हॉटेलवाला कटाक्षाने 'ढाबा' लिहील तर सुटेल, पण पाट्यांवर दोन्ही दिसतात.

कोकणातली
आमच्या पावसात मातीचं सपाट छप्पर एक आषाढ टिकणार नाही, म्हणून हा शब्द पुस्तकातूनच माहीत. आमच्या कौलारू घराने मराठीला वळचण दिली. पागोळ्या गळतात तिथे उतरत्या छपराखाली कोरडं उभं राहायचं, ती वळचण. "सत्तेच्या वळचणीला गेले" लिहिणाऱ्या किती बातमीदारांनी ती पाहिली असेल?

मला एक पटत नाही. छपरावर ठेवलेल्या वस्तूकडे उलट जास्तच लक्ष असतं. कुरडया वाळत घातल्या की कावळे हाकायला एक पोर बसवतातच!

मूळ शंकावाला
ते पोर मीच. हातात काठी, डोक्यावर आजीचा ओला पंचा.

पण कुरडया आपण धाब्यावर 'घालतो', 'बसवत' नाही. बसवायचं ते माणसाला. आमच्या घरात खाली सोप्यात बैठक भरली, वाटणीचं नाहीतर सोयरिकीचं बोलणं निघालं, की मध्ये तोंड घालणाऱ्याला "जा, वर जाऊन बस" म्हणायचे. तो घरातच असायचा, मान मात्र नसायचा. नियमाचंही तसंच झालं असावं: तो रद्द केलेला नाही, फक्त खालच्या बैठकीत त्याला कुणी विचारत नाही. हा माझा तर्क, कोशातला अर्थ नव्हे.

म्हणूनच 'खुंटीला टांगणे' वेगळं वाटतं. खुंटीवरचा सदरा उद्या परत अंगात घालता येतो. आणि धाब्यावर बसतात ते नियम, कायदा, संकेत, आदेश, म्हणजे ज्यांना मान द्यायला हवा तेच. "त्याने माझा फोन धाब्यावर बसवला" असं कुणी म्हणत नाही.

औशाहून
तर्क आवडला. 'माळवद' शब्द मात्र आमच्या भागात इतक्या हलक्याने निघत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली, त्यातली कितीतरी स्वतःच्या घराखाली. माळवद म्हणजे तुळयांवर लाकडी कड्या, त्यावर फळ्या किंवा चिपा, मग पाला आणि सगळ्यात वर पांढरी माती. गळू लागलं की जुनी न काढता नवी माती टाकायची. पिढ्यानुपिढ्या ओझं वाढत गेलं आणि भिंतीतले दगड नुसत्या चिखलाने धरलेले. त्यानंतर पुष्कळांनी माळवद उतरवून पत्रे घातले. माझी आजी मरेपर्यंत आढ्याखाली झोपली नाही, अंगणात बाज टाकायची.

मूळ शंकावाला
हे आम्हालाही माहीत होतं, म्हणून पाडलं त्याची तक्रार नाही. मामाची नातवंडं त्या छपराखाली झोपायची.

मातीवरून आठवलं. ढिगारा उपसताना पांढरी माती वेगळी काढली आणि गावातलाच एक जण ट्रॅक्टरची ट्रॉली भरून शेतात टाकायला घेऊन गेला. आजोबा 'काळी' आणि 'पांढरी' म्हणायचे. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे गावठाण. मला लहानपणी ते नुसते रंग वाटायचे. आता आमची पांढरी काळीत गेली!

खानदेशी
धान्य कुठे ठेवायचे? पेव होतं का? 'क्लासेसचं पेव फुटलंय' त्यातलं.

मूळ शंकावाला
पेव नव्हतं, बळद होतं. माजघराच्या भिंतीमागे चिंचोळी कोंदट जागा. ज्वारी वरून ओतायची आणि खालच्या भोकातून काढायची, भोकाला चिंधीचा बोळा. जेसीबीने ती भिंत फोडली तेव्हा ड्रायव्हरला वाटलं भुयार सापडलं. अर्धं गाव धन बघायला जमलं, निघाली किडकी ज्वारी आणि ती मापायचा एक शेर.

आता शेवटची शंका. माळवदात उजेडासाठी आणि चुलीच्या धुरासाठी ठेवलेल्या भोकाला आम्ही 'सानं' म्हणायचो. दुपारी त्यातून उन्हाचा गोल कवडसा पडायचा आणि तो भिंतीवर चढला की आजी चहा ठेवायची. पाऊस आला की वर धावत जाऊन ते झाकायचं काम माझंच. त्या झाकणाला खास शब्द असणार म्हणून काल आईला फोन केला. ती म्हणाली, "घमेलं."

मी म्हटलं, अगं, त्याला म्हणायचे काय?

"घमेलंच म्हणायचो. पालथं घालायचो."