कोटेशनमध्ये 30 हॅशटॅग लिहिलेत, इन्स्टाग्राम 5 च घेतंय. मालकाला काय सांगू?

सातवी_गल्ली

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात, राजारामपुरीत एका खोलीत बसून चार धंद्यांची सोशल मीडिया खाती सांभाळतो. एक चपलांचं दुकान, एक गूळवाले, एक मिसळवाले आणि एक साड्यांचं दुकान. एजन्सी म्हणायचं तर म्हणा, पण स्टाफ म्हणजे मी, एक ट्रायपॉड आणि दिवाळीपुरती मदतीला येणारी आत्तेबहीण.

घोळ चपलांच्या दुकानाचा झालाय. मालक तिसऱ्या पिढीतले, मी त्यांना काका म्हणतो. 2022 साली काम घेतलं तेव्हा कोटेशन दिलं होतं: महिन्याला 12 पोस्ट, 3 रील आणि ‘प्रत्येक पोस्टला 30 हॅशटॅग’. ती शेवटची ओळ मीच घातलेली, कागद जरा भरल्यासारखा दिसावा म्हणून. डिसेंबर 2025 मध्ये इन्स्टाग्रामनं हॅशटॅगची मर्यादा 5 वर आणली. काकांच्या पुतण्यानं ती बातमी त्यांना वाचून दाखवली. परवा दुकानात गेलो तर काकांनी फाईल काढली, त्यात माझं कोटेशन पंच करून लावलेलं, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “तिसाचे पाच झाले. मग बिलाचं काय?”

मी हसलो. ते हसले नाहीत.

एवढंच असतं तर निभावलं असतं. 2024 च्या दिवाळीला मी नऊ चौकोनी पोस्ट मिळून एक भलीमोठी कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) चप्पल केली होती. प्रोफाईल उघडलं की अंगठ्यापासून टाचेपर्यंत सलग चप्पल. चार रात्री घालवल्या त्यात. पुढंही पोस्ट तीन-तीननंच टाकत राहिलो, म्हणजे ओळ हलू नये. काकांनी त्याची प्रिंट काढून गल्ल्याच्या मागं फ्रेम करून लावली. आणि जानेवारी 2025 मध्ये इन्स्टाग्रामनं प्रोफाईलवरचे चौकोनी खण उभट केले. प्रत्येक खणाच्या दोन्ही बाजू कापल्या गेल्या. वेणी मधेच तुटली, कान पट्ट्यापासून सुटला. खाली जाऊन जाऊन ती आता कुणाला दिसत नाही म्हणावं, तर काका कुणालाही खातं दाखवताना अंगठ्यानं सरकवत सरकवत बरोबर तिथंच नेतात. मागं फ्रेममध्ये अखंड चप्पल, हातातल्या मोबाईलवर मोडकी. एका बाईंनी तर मेसेज करून विचारलेलं, डिफेक्ट पीस स्वस्तात देताय काय.

आणि आता खरं दुखणं. दर महिन्याला मी एक तक्ता देतो. 2024 च्या जुलैपर्यंत त्यात ‘रीच’ लिहायचो, म्हणजे किती वेगवेगळ्या खात्यांपर्यंत पोस्ट गेली. त्या ऑगस्टात इन्स्टाग्रामनं व्ह्यूज हा मुख्य आकडा केला, ॲपमध्ये तोच आधी दिसायला लागला, आणि मी तोच त्याच रकान्यात भरत गेलो. एकानं तीनदा बघितलं तर व्ह्यूज तीन, रीच एक. तक्त्यातली रेघ एकदम वर चढली. खोटं बोलायचं म्हणून केलं नव्हतं. पण ती चढलेली रेघ बघून मलाही बरं वाटलं होतं, म्हणून परत तपासलं नाही, हेही खरं.

त्यात 2025 चा जून आला. मिलानला प्राडाच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि सगळीकडं बोंबाबोंब सुरू झाली. आमचं जुनंच एक रील होतं, कारागीर वेणी घालतोय आणि नवी चप्पल करकर वाजतीय, ते उचललं गेलं. दोन लाखांवर व्ह्यूज. काकांनी पेढे दिले. आता पुतण्यानं तक्ता मागून पुढून बघितला आणि विचारलं, “ताई, ह्या रकान्यात मधेच माप बदललंय काय?” काका कोऱ्या चेहऱ्यानं ऐकत होते. मग म्हणाले, “पोरी, तरीच म्हटलं. आकडा एवढा वाढला, मग गल्ला का वाढंना?”

सोमवारी परत बोलावलंय. रीच दाखवू की व्ह्यूज? झालेली चूक कशी सांगू? ती चप्पल पुसू की ठेवू? आणि हॅशटॅगच्या ओळीचं काय करू? कोणी ह्यातनं गेलं असेल तर सांगा.

---

पेठेतला_एकटा

दादा, फार काळजी करू नका. कोटेशनवर ‘प्लॅटफॉर्मच्या नियमांनुसार बदल होऊ शकतो’ अशी एक ओळ घालून नवीन प्रत द्या. आमच्याकडे पुण्यात सगळे हेच करतात. जुन्या तक्त्याचा विषय स्वतःहून काढू नका.

---

सातवी_गल्ली

दादा नव्हे हो, ताई. आमच्याकडं बायका ‘मी आलो, मी गेलो’च म्हणतात, पुण्यात कळायचं नाही. आणि विषय मी नाही काढला, पुतण्यानं काढलाय. आता झाकून काय उपयोग?

---

जुना_खेळाडू

ताई, मी बारा वर्षं हेच काम करतोय, आधी मुंबईत, आता सांगलीत. वरच्यांचा सल्ला ऐकू नका. तक्त्याचं तुम्हीच बोला, तेही पहिल्या वाक्यात.

आता कामाचं. माप फक्त इन्स्टाग्रामनं बदललेलं नाही. यूट्यूबनं 31 मार्च 2025 पासून शॉर्ट (त्यांचा छोटा व्हिडिओ) नुसता सुरू झाला किंवा संपून परत चालू झाला तरी व्ह्यू धरायला सुरुवात केली. आधी काही सेकंद बघावं लागायचं. जुन्या पद्धतीचा आकडा ॲनालिटिक्सच्या ॲडव्हान्स्ड मोडमध्ये ‘एंगेज्ड व्ह्यूज’ नावानं आहे, पण तिथं जातंय कोण? एप्रिल 2025 च्या आसपास माझ्या एका क्लायंटचे शॉर्ट्स अचानक ‘उसळले’. मीही टाळी घेतली होती, म्हणून तुम्हाला नावं ठेवत नाही.

तुमचा जुना रकाना दुरुस्त होण्यासारखा आहे. प्रत्येक पोस्टच्या आत ‘इनसाइट्स’मध्ये रीच अजून दिसतं. बसा एक रविवार आणि एकेक उतरवून काढा. पण त्यांची बेरीज करून महिन्याचं रीच म्हणू नका. एकच माणूस दहा पोस्टमध्ये दहादा येतो, बेरजेत त्याची दहा माणसं होतात. पोस्टमागे सरासरी काढा आणि वर ‘सरासरी’ असं लिहा. व्ह्यूज ठेवायचे तर वेगळ्या रकान्यात, आणि जिथून सुरू झाले त्या महिन्यावर ठळक रेघ मारा.

चपलेचं गणित सांगतो. जुना फोटो 1080 बाय 1080. नवा खण 3:4 चा. म्हणजे उंची पूर्ण राहते आणि रुंदीत 810 च उरतात, दोन्हीकडून 135 जातात. चौथा हिस्सा गेला की हो! ती चप्पल जुळणं शक्यच नाही, कितीही सरकवा. नव्यानं करायची असली तर 1080 बाय 1350 चा फोटो घ्या आणि डावी-उजवीकडे 34-34 पिक्सेल मोकळे सोडा. तेवढी कड प्रोफाईलवर कापली जाते, पोस्ट उघडल्यावर दिसते. माझं मत विचाराल तर कोडी जोडायचा नादच सोडा. खण पुन्हा कधी बदलतील हे आपल्या हातात नाही.

हॅशटॅगचं म्हणाल तर डिसेंबर 2024 मध्ये हॅशटॅग फॉलो करायची सोयच काढली, तेव्हाच त्यांचा जीव निम्मा झाला होता. 30 लावायचे ते पण काय? ‘लव्ह’, ‘इन्स्टागुड’. त्यानं चप्पल विकली जात नव्हती. त्या ओळीच्या जागी ‘प्रत्येक पोस्टला शोधात सापडेल असा मजकूर’ असं लिहा. 10 जुलै 2025 पासून व्यावसायिक खात्यांच्या सार्वजनिक पोस्ट गूगलच्या शोधात येऊ शकतात. म्हणजे कॅप्शन हीच आता पाटी. ‘नादखुळा’ लिहून तीन आगीच्या इमोजी टाकल्या तर गूगलला काय कळणार? ‘कापशी चप्पल, हातानं शिवलेली, पुरुषांसाठी 6 ते 11 नंबर, कोल्हापूर’ असं साधं लिहा. खाली नादखुळा लिहा हवं तर.

---

काहीलीपाशी

कागलकडचा. गुऱ्हाळ आहे आमचं, फेसबुक पेज मीच बघतो. माझीही एक चूक सांगतो, म्हणजे ताईंना एकटं वाटणार नाही. दर हंगामाला पहिल्या काहीलीचा (रस उकळायची मोठी कढई) लाईव्ह करायचो. वडील रस ढवळताहेत, मळी काढताहेत, गूळ वाफ्यात ओतताहेत, सगळं. फेसबुकनं 19 फेब्रुवारी 2025 पासून नवे लाईव्ह 30 दिवसच ठेवायचं ठरवलं, आणि जुने उतरवून घ्यायला 90 दिवसांची नोटीस दिली. नोटीस आली ज्या ईमेलवर, तो मी कॉलेजात असताना काढलेला. उघडतोय कोण? एक लाईव्ह तेवढा आत्याच्या मोबाईलवर स्क्रीन रेकॉर्ड केलेला सापडला, त्यात मधे आत्याला आलेला फोनही आहे.

तेव्हा चारही पेजचे ॲडमिन कोण आणि ईमेल कुठला, एवढं आज रात्री बघून ठेवा.

---

चप्पल_लाईन

मी धंदेवाला आहे, मार्केटिंगवाला नाही. दुकान देवळापासून चालत पाच मिनिटांवर. तुमच्या काकांसारखाच मीही असले तक्ते बघतो आणि घडी घालून गल्ल्यात ठेवतो.

ताई, तुम्ही त्यांना रीच आणि व्ह्यूज शिकवायला जाऊ नका. त्यांना नंबर सांगा. आपल्या दुकानात इंडियन 8 मागणारं गिऱ्हाईक येतंय, तोच पाय युरोपच्या मापात 42 असतोय. पाय वाढला काय? नाही. आता एका वहीत निम्मे महिने इंडियन नंबर लिहिले आणि निम्मे युरोपियन, तर पुढं माल भरताना बोंब होणारच. “काका, माझ्याकडनं तसं झालं” म्हणा. चपलावाल्याला हे एका वाक्यात कळतं.

दुसरं, प्राडाच्या वेळी आमच्याकडंही गर्दी झाली. दुकानात नाही, मोबाईलवर. दिल्ली, बेंगळुरूचे लोक “व्हेरी नाईस” लिहून जायचे. ज्यांनी खरंच घेतली त्यांनी आधी व्हॉट्सॲपवर पायाचा कागदावर काढलेला आराखडा पाठवला. आता तेच मोजतो: महिन्यात किती पाय आले. त्यावर ‘पायांची वही’ असं लिहिलंय, पोरगं हसतंय.

व्हॉट्सॲपचं पण एक बघा. बिझनेस प्लॅटफॉर्मवरनं, म्हणजे एपीआयवरनं (मोबाईलवरचं साधं ॲप नव्हे, सॉफ्टवेअर जोडून मेसेज सोडतात ते), जाहिरातीचे मेसेज सोडत असाल तर 1 जुलै 2025 पासून नगाला पैसे पडतात. पण गिऱ्हाईकानं आधी मेसेज केला तर पुढचे 24 तास आपण दिलेली उत्तरं फुकट. म्हणून आम्ही चपलेच्या खोक्यात झाकणाच्या आत क्यूआर चिकटवलाय. खाली लिहिलंय: ‘तेल कधी लावायचं, विचारा.’ लोक खरंच विचारतात. विचारणारं गिऱ्हाईक भावासाठी, मेव्हण्यासाठी दुसरा जोड मागतं.

हॅशटॅगवरनं बिल कमी करा म्हणणारा मालक मात्र पक्का आहे. मीही मागितलं असतं.

---

सातवी_गल्ली

सोमवार झाला. सांगतो.

रविवारी सकाळी नऊला बसलो ते रात्री अकराला उठलो, सगळ्या पोस्टचं रीच एकेक करून उतरवलं. रेघ सपाट निघाली. जूनमध्ये एक टेकडी, बाकी रंकाळ्याच्या पाण्यासारखी. लई वाईट वाटलं, पण तीच घेऊन गेलो.

दुकानात गेल्या गेल्या इंडियन 8 आणि युरोपियन 42 चं सांगितलं. काकांनी ऐकलं, एकदा पुतण्याकडं बघितलं, आणि मागच्या रॅकमधनं एक खोका काढून त्यावरचे दोन्ही नंबर मला दाखवले. “हे असं?” म्हणाले. म्हटलं, असंच. मग विचारलं, “हे तुला कुणी सांगितलं?” मी म्हटलं, तुमच्याच लाईनीतल्या एकानं. “कोण?” म्हणाले. तेवढं मात्र मला माहीत नव्हतं, आणि काकांना तेच जास्त महत्त्वाचं वाटलं. अर्धा तास दोघं मिळून अंदाज बांधत बसले होते, चहा दोनदा आला.

तक्ता त्यांनी उलटा ठेवला. त्याच्या पाठीवर पेन घेऊन तीन रकाने आखले: विचारायला फोन किती, पायाचे कागद किती, घेऊन गेले किती. पुढच्या महिन्यापासून एवढंच आण म्हणाले. व्ह्यूज पुतण्याला पाठव, त्याला आवड आहे.

पुतण्याची आणखी एक फर्माईश होती, मोडलेली चप्पल पुसायची. काका नको म्हणाले. नऊपैकी एका पोस्टवर त्यांच्या वारलेल्या कारागिराबद्दल कुणीतरी चार ओळी लिहिल्यात, म्हणजे “ह्यांच्या हातची चप्पल मी लग्नात घातली होती” असं. मी ती कमेंट आजपर्यंत वाचलीच नव्हती. काकांना तोंडपाठ. सारखं तिथं का सरकवत नेत होते ते आत्ता कळलं. चप्पल तशीच राहणार, कान सुटलेली.

बिल कमी केलं नाही. पण 30 हॅशटॅगच्या ओळीवर त्यांनी स्वतःच्या हातानं काट मारली आणि बाजूला लिहिलं: ‘खोक्यात क्यूआर, ताईनं करून देणे.’ छापायचा खर्च कोणाचा, ते लिहिलं नाही. ते माझ्याच गळ्यात येतंय असं दिसतंय. चप्पल_लाईनवाले, तुमचे स्टिकर नगाला कितीला पडले ते सांगा. आणि तेल लागलं तरी निघत नाहीत ना?

---

चप्पल_लाईन

निघतात. झाकणाला लावा, तळाला नको. आणि माझं नाव तुम्हाला कळलं तरी काकांना सांगू नका, त्यांची दोन डझन जोडांची उधारी माझ्याकडं थकलीय.