मदत हवी आहे: टेक्सासमधल्या पाणी कॉर्पोरेशनचं डिस्ट्रिक्ट होतंय
आमचं घर टेक्सासमध्ये गावाबाहेर आहे, पाणी मेंबर्सच्या ना-नफा वॉटर सप्लाय कॉर्पोरेशनचं. आता बोर्ड त्याचं स्पेशल युटिलिटी डिस्ट्रिक्ट (जिल्हा नव्हे, पाणी पुरवणारी सरकारी संस्था) करतंय, बिलासोबत आलेली पिवळी नोटीस फ्रिजवर लावलीये आणि रोज वाचतोय. वॉटर कोडचं (टेक्सासच्या पाणी कायद्याचं) चॅप्टर 67 सोडून 65 लागू होणार, संस्थेचा खरेदीवरचा सेल्स टॅक्स वाचेल, कर्जासाठीचे बाँड स्वस्त पडतील, डिस्ट्रिक्टला प्रॉपर्टी टॅक्स लावायचा अधिकार नसतो हे कळलं, चांगलंच आहे. पण आम्ही ग्रीन कार्डवाले, आज मेंबर म्हणून मत देतो, डिस्ट्रिक्ट झाल्यावर मतदार यादीतलेच म्हणजे सिटिझन्सच मत देणार ना? मग आमचं कोण ऐकणार? आणि मेंबरशिप फी परत मिळते का? कोणी यातून गेलंय का, प्लीज सांगा, या बदलावरच्या सुनावणीत नेमकं काय विचारू?