शब्दचर्चा : 'बॅकस्कॅटर'ला मराठीत काय म्हणावं?

सागरगोटी : बुडालेल्या जहाजाच्या उत्खननात पाण्याखाली फोटो काढताना फ्लॅश मारला की चित्रभर पांढरे ठिपके उमटतात, तोच बॅकस्कॅटर. 'पश्चप्रकीर्णन' शास्त्राला ठीक, पण पाणबुड्याच्या तोंडी बसत नाही. सुटसुटीत शब्द हवा.

निवळी : आधी ठिपका कसा होतो ते बघा. कॅमेऱ्याचं भिंग आणि वस्तू यांच्या मधल्या पाण्यात गाळाचे कण तरंगतात. फ्लॅश भिंगाला चिकटून असला की त्यांच्यावरचा उजेड थेट भिंगात परततो. म्हणून दोन्ही फ्लॅश लांब दांड्यांवर बाजूला, भिंगाच्या किंचित मागे आणि तोंड थोडं बाहेर वळवून लावतात. झोताची फक्त आतली कड वस्तूवर पडते, मधलं पाणी अंधारात राहतं. कौलाच्या फटीतून कवडसा येतो तेव्हा धूळ त्याच्यातच दिसते, बाहेरही ती असतेच. त्या कणाला 'त्रसरेणू' म्हणतात. मनुस्मृतीतली वजनं त्याच्यापासूनच मोजायला सुरुवात होते. तोच शब्द घ्यावा.

सागरगोटी : त्रसरेणू सुंदर आहे, पण तो कण झाला. चित्रातल्या दोषाला 'गाळचमक' कसं वाटतं?

खडकवाट : 'चमक' नको. गोव्याजवळच्या सुंची रीफवर बुडालेल्या जहाजाच्या अवशेषांत चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे मिळाले. असल्या झिलईदार तुकड्यावर फ्लॅश पडला की पांढरा डाग येतो, ती खरी चमक. ती वस्तूवर असते आणि फ्लॅशचा कोन बदलला की सरकते. गाळाचे ठिपके मात्र मधल्या पाण्यात असतात. फ्लॅश बाजूला नेण्याखेरीज त्यावर आणखी एक उपाय : वस्तूच्या जवळ जा, मधलं पाणी कमी करा. जवळ गेल्यावर चौकटीत मावेना, तर रुंद कोनाचं भिंग लावा. चमक आणि ठिपके, दोन्हींना एकच शब्द दिला तर नवखा चुकीचा उपाय करील. मी 'गाळठिपके' म्हणेन.

निवळी : पटलं. 'गढूळ'ही वेगळाच राहू दे. फ्लॅश बंद केला की गाळठिपके जातात, पण गढूळ पाण्यात चित्र धुरकट ते धुरकटच. तिथे थांबणं भाग आहे : हाताने वाळू सारली की प्रवाहाच्या वरच्या अंगाला राहायचं, गाळ खाली वाहून जाऊ द्यायचा, पायातले पोहण्याचे पंख तळाला लागू द्यायचे नाहीत, आणि पाणी निवळल्यावरच शटर दाबायचं. 'निवळणं' हे क्रियापद आपल्याकडे तयारच आहे.

सागरगोटी : मग चित्रांच्या नोंदीत 'गाळठिपके', 'चमक', 'गढूळ' असे तीन वेगळे शेरे लिहू.