नवोदयच्या यादीत नाव आलं आहे, खासगी शाळेची मुदतही संपत आली आहे : कोणती शाळा घ्यावी?

शिवारवाट यांचा प्रश्न

मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीत आहे. जवाहर नवोदय विद्यालयाच्या (केंद्र सरकारची निवासी शाळा) सहावीच्या निवड यादीत तिचं नाव लागलं आहे. तालुक्याच्या गावातल्या एका खासगी सीबीएसई शाळेतही सहावीला जागा मिळते आहे. तिथली फी वर्षाला ६०,००० रुपये, बस महिन्याला १,५००. प्रवेश पक्का करायला आठ दिवसांची मुदत दिली आहे.

नवोदय हुशार मुलांची शाळा म्हणतात, तर तिथला अभ्यास खासगीपेक्षा खरंच वेगळा असतो का? दहा-अकरा वर्षांच्या मुलीला वसतिगृहात ठेवायचं की नाही हे काय बघून ठरवावं? आणि नवोदयचं पक्कं होईपर्यंत खासगीची फी भरून ठेवावी का?

एक राहिलंच. तिसरीचं वर्ष ती तालुक्याच्या शाळेत होती, चौथी-पाचवी गावात. अर्ज ग्रामीण म्हणून भरला आहे, कारण घर गावातच आहे. त्याने काही अडचण येणार नाही ना?

---

खडूफळा

शेवटी लिहिलेली गोष्ट आधी घेतो, कारण बाकीचं सगळं तिच्यावर अडून आहे.

नवोदयमध्ये किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. पण ग्रामीण कोण, हे घरावरून ठरत नाही, शाळेवरून ठरतं. तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं, पूर्ण सत्र, ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत झालेली लागतात. या काळात एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत शिकलेलं निघालं, तरी मूल शहरी धरतात. शहरी म्हणजे २०११ च्या जनगणनेत शहरी असलेला भाग, शिवाय त्यानंतर सरकारी अधिसूचनेने शहरी झालेला भागही. आपल्याकडे घोळ इथेच होतो. महाराष्ट्रात कितीतरी तालुक्यांच्या ठिकाणी २०१४-१५ च्या आसपास ग्रामपंचायती जाऊन नगरपंचायती आल्या. नावात पंचायत असली तरी नगरपंचायत ही शहरी संस्था आहे.

म्हणून उद्याच तिसरीच्या शाळेत जा. ती शाळा नगरपंचायतीच्या हद्दीत आहे की हद्दीबाहेरच्या ग्रामपंचायतीत, एवढंच विचारायचं. तालुक्याच्या गावाला चिकटलेल्या वाड्या-वस्त्या बऱ्याचदा वेगळ्या ग्रामपंचायतीत असतात. यूडायसच्या (सरकारकडे असलेली सगळ्या शाळांची माहिती) नोंदीत शाळेपुढे ग्रामीण की शहरी हे लिहिलेलं असतं, ते मुख्याध्यापकांकडून बघून घ्या. शाळा ग्रामीण निघाली तर प्रश्न मिटला. शहरी निघाली आणि मुलीची निवड ग्रामीण कोट्यातून झालेली असेल, तर पडताळणीत ती निवड रद्द होते. तसं असेल तर विद्यालयाच्या कार्यालयात जाऊन खरं सांगा. खोटा दाखला अजिबात करू नका. प्रवेशानंतर उघड झालं तर भर वर्षात पोरीचं नुकसान होईल.

यादी ही तात्पुरती निवड असते, हेही लक्षात असू द्या. कागद तपासून झाल्याशिवाय प्रवेश होत नाही. जन्मदाखला, त्याच जिल्ह्यातला रहिवास, तिसरी ते पाचवीचे मुख्याध्यापकांचे दाखले, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला, लागत असेल तर जातीचा दाखला. ओबीसी आरक्षण केंद्राच्या यादीप्रमाणे चालतं. आपल्याकडचे व्हीजे (विमुक्त जाती), एनटी (भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) हे गट केंद्रात त्या नावाने नाहीत, त्यामुळे जात केंद्रीय यादीत आहे का ते बघून केंद्रीय नमुन्यातला दाखला काढावा लागतो. अर्जातली जन्मतारीख आणि शाळेच्या रजिस्टरातली तारीख जुळते का, हेही आजच पाहून ठेवा.

तोपर्यंत खासगीची जागा सोडू नका. मात्र सगळी फी न भरता पहिला हप्ता भरा, पावती घ्या, आणि प्रवेश रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील ते लेखी मागा. पावती न देता 'देणगी' मागत असतील तर ती कॅपिटेशन फी झाली. महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने तिला बंदी आहे.

---

तिसरा_बाक

अभ्यासाबद्दल. मंडळ दोन्हीकडे सीबीएसई, अभ्यासक्रम एनसीईआरटीचा (केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणारी संस्था), दहावीची परीक्षा तीच. हुशार मुलांसाठी वेगळा, पुढचा अभ्यासक्रम नवोदयमध्ये नाही. फरक आहे तो सोबतीचा आणि वेळेचा. जिल्ह्यातून निवडलेली जास्तीत जास्त ८० मुलं एका इयत्तेत, आणि संध्याकाळी शिक्षकांच्या देखरेखीखाली अभ्यासाचा तास ठरलेला. घरी अभ्यासाला जागा नसेल, विचारायला कोणी नसेल, तर हा फरक फार मोठा ठरतो. ज्या घरात हे दोन्ही आहे, त्यांच्यासाठी तितका नाही.

निवड परीक्षा नेमकं काय मोजते हेही समजून घ्या. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. त्यातले ४० प्रश्न, म्हणजे निम्मे गुण, आकृत्यांचे : वेगळी आकृती ओळखणे, आरशातली प्रतिमा, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडणे, लपलेली आकृती शोधणे. बाकी २० गणित आणि २० उताऱ्यावरचे. सगळं गोल काळे करायचं, एक वाक्यही लिहावं लागत नाही. त्यामुळे यादीत आलेल्या मुलांची सहावीच्या पहिल्या सत्रात दमछाक होते ती लिहिण्यात. उत्तर सुचतं, पण चार ओळींत मांडता येत नाही. मार्क घसरतात, आणि गावात पहिली येणारी मुलगी तिथे विसावी आली की पालक घाबरतात. सगळीच पहिली आलेली मुलं एका वर्गात बसवल्यावर कोणीतरी विसावं येणारच. उन्हाळ्यात तिच्याकडून रोज दहा ओळी लिहून घ्या, एक दिवस मराठीत, एक दिवस इंग्रजीत. आकृत्यांची पुस्तकं आता बाजूला ठेवा.

भाषेचं : नवोदयच्या धोरणात आठवीपर्यंत मातृभाषा किंवा प्रादेशिक भाषा, नववीपासून गणित-विज्ञान इंग्रजीत आणि सामाजिक शास्त्र हिंदीत आहे. प्रत्यक्षात इंग्रजी कोणत्या इयत्तेपासून वापरतात हे त्याच विद्यालयात विचारा. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलीला ही पायरी बरी पडते. खासगी शाळेत सहावीच्या पहिल्या दिवसापासून सगळं इंग्रजीत असेल, आणि वर्गातली बाकी मुलं बालवर्गापासून तेच ऐकत आलेली असतील. तिथे पहिली सहा महिने मुलगी गप्प बसण्याची शक्यता जास्त आहे. ती 'ढ' झाली असं त्यावरून कोणी ठरवू नये.

नववीत एका वर्षासाठी साधारण ३० टक्के मुलं दुसऱ्या राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवली जातात. हे ऐनवेळी कळल्यावर रडारड होते. प्रवेश घेतानाच ते मान्य करायचं असतं, म्हणून घरात आत्ताच बोलून ठेवा.

आता वसतिगृह. हुशारीचा इथे काही संबंध नाही. मुलीला स्वतः उठता येतं का, केस विंचरून वेणी घालता येते का, कपडे धुता येतात का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुखलं-खुपलं तर परक्या मोठ्या माणसाला सांगता येतं का? पहिल्या तीन गोष्टी उन्हाळ्यात शिकवून होतात. चौथी स्वभावाची आहे. आतल्या आत कुढणाऱ्या मुलीला सहावीत पाठवण्याआधी खरंच दोनदा विचार करा. पाळीबद्दल आईने आत्ताच नीट सांगून ठेवावं आणि पेटीत पॅड ठेवावेत. या वयात पहिली पाळी वसतिगृहातच येण्याचा संभव आहे. दमा, फिट्स किंवा रोजचं औषध असेल तर विद्यालयातल्या परिचारिकेला चिठ्ठीसह लेखी द्या.

घराची ओढ पहिले काही आठवडे आणि मग दिवाळीच्या सुट्टीनंतर सगळ्यात जास्त लागते. या दोन वेळा फोनवर "चल, घेऊन येतो" असं बोलू नका. दाखला काढला की जागा गेली. सहावीची परीक्षा मुलाला एकदाच देता येते.

---

हिशेबवही

पैशाचं गणित कागदावर मांडू. खासगीत सहावी-सातवी प्रत्येकी ६०,०००. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यात एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बांधील असते. दर दोन वर्षांनी १५ टक्के वाढ धरली तर आठवी-नववी ६९,०००, दहावी ७९,३५०. पाच वर्षांची बेरीज ३,३७,३५०. बस १० महिने धरून पाच वर्षांचे ७५,०००. एकूण ४,१२,३५०. यात गणवेश, पुस्तकं, सहली आणि संध्याकाळचा क्लास नाही. दहावीनंतरची दोन वर्षंही नाहीत, आणि खरा खर्च तिथेच असतो.

नवोदयमध्ये शिक्षण, राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं मोफत. नववी ते बारावी महिन्याला ६०० रुपये विद्यालय विकास निधी असतो, पण मुली, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि दारिद्र्यरेषेखालचे यांना माफ. म्हणजे तुम्हाला शून्य. (माफी नसलेल्या मुलाचे पालक सरकारी नोकरीत असतील तर आकार १,५०० पर्यंत जातो.) तुमचा खर्च पेटी, कुलूप, बादली आणि भेटीला जाण्याचं भाडं. जेईई-नीटसाठी (इंजिनिअरिंग आणि मेडिकलच्या प्रवेश परीक्षा) दक्षणा फाउंडेशन नवोदयच्या निवडक मुलांना मोफत तयारी करून देतं. त्याला वेगळी चाळणी आहे, म्हणून ते मिळेलच असं धरून चालू नका.

पैसा सोडूनही नवोदयला दोन गोष्टी विचाराच. गणित, विज्ञान, इंग्रजीची पदं भरलेली आहेत की कंत्राटी शिक्षक दरवर्षी बदलतात? आणि अकरावीला कोणत्या शाखा आहेत? प्रत्येक नवोदयमध्ये सगळ्या शाखा नसतात.

खासगीला एकच प्रश्न, पण तो सोडू नका : सीबीएसईची संलग्नता कितवीपर्यंत आहे? फलकावर सीबीएसई लिहिलेलं असतं आणि मान्यता आठवीपर्यंतच असते, किंवा नुसताच 'सीबीएसई पॅटर्न' असतो. संलग्नता क्रमांक मागा आणि मंडळाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. नववीची नोंदणी मंडळाकडे एकदा झाली की दहावीला शाळा बदलणं फार अवघड जातं, म्हणून बदलायचंच असेल तर आठवीच्या शेवटी. आणि बसमध्ये मुलगी रोज किती वेळ बसणार ते घड्याळ लावून मोजा. येऊन-जाऊन दोन तास जात असतील तर संध्याकाळी तिच्यात काही उरत नाही.

---

शिवारवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. तिसरीची शाळा नगरपंचायतीच्या हद्दीतच आहे, यूडायसलाही शहरी आहे. विद्यालयात जाऊन विचारलं. निवड ग्रामीण कोट्यातूनच झाली होती, त्यामुळे ती टिकणार नाही. खासगी शाळेने संलग्नता क्रमांक अजून दिलेला नाही, "प्रक्रिया चालू आहे" म्हणतात. आता काय करावं?

---

खडूफळा

वाईट वाटलं, पण तुम्ही स्वतः जाऊन सांगितलंत हे फार योग्य केलंत. मुलीला नीट सांगा की तिची परीक्षा चांगलीच झाली होती, चूक अर्जातल्या रकान्याची होती. हे तिच्या मनात राहता कामा नये.

संलग्नता क्रमांक हातात येईपर्यंत त्या शाळेत पुढचा हप्ता भरू नका. दोन्ही दारं बंद झाल्यासारखं वाटत असेल, पण तिसरं आहे. जवळच्या अनुदानित हायस्कूलमध्ये किंवा जिल्हा परिषदेच्या वरच्या वर्गात सहावी घ्या. तिथे राहिल्याने आठवीत एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा रस्ता उघडा राहतो : निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,०००, चार वर्षांचे ४८,०००. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. खासगी विनाअनुदानित शाळेतल्या मुलांना ही शिष्यवृत्ती मिळत नाही, नवोदयच्या मुलांनाही नाही.

नवोदयमध्येही नववीला रिकाम्या जागांसाठी वेगळी निवड परीक्षा होते, आठवीत त्याच जिल्ह्यात शिकणाऱ्या मुलांसाठी. गणित ३५, विज्ञान ३५, इंग्रजी १५, हिंदी १५ गुण, अडीच तास. जागा थोड्या असतात, दरवर्षी किती निघतील ते सांगता येत नाही, पण तयारी वाया जात नाही, कारण तोच अभ्यास एनएमएमएसला उपयोगी पडतो. तेव्हा ती तेरा-चौदा वर्षांची असेल आणि वसतिगृहाबद्दल स्वतः हो-नाही सांगू शकेल. तोवर रोज अर्धा तास इंग्रजी वाचन आणि आठवड्याला एक धडा एनसीईआरटीच्या विज्ञानाचा. ती पुस्तकं एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

---

तिसरा_बाक

एक भर. तिसरीच्या शाळेसारखा गोंधळ पुन्हा होऊ नये म्हणून प्रत्येक वर्षाच्या प्रगतिपुस्तकाची आणि शाळेच्या दाखल्याची प्रत एका फाइलीत लावत जा. नववीच्या अर्जाला आठवीच्या शाळेचा जिल्हा बघतात, त्यामुळे शाळा बदलायची झालीच तर जिल्ह्याच्या आतच बदला. आणि खासगीत भरलेला पहिला हप्ता परत मागताना तोंडी बोलू नका. पावतीची झेरॉक्स जोडून लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शाळेची पोच घ्या.