मॉडेल म्हणतंय शून्य, विहिरीत मात्र अ‍ॅट्राझिन, कुठे गंडतंय?

मातीपाणी०७:
मंडळी, तणनाशक भूजलात किती उतरतं याचं एक्सेलमध्ये साधं मॉडेल करतेय. अ‍ॅट्राझिन घेतलंय, हाफ-लाइफ (निम्मं मोडायला लागणारा काळ) ६० दिवस, केओसी (सेंद्रिय कर्बाला किती चिकटतं तो आकडा) १००, मातीत सेंद्रिय कर्ब १ टक्का, म्हणजे केडी (या मातीला किती चिकटतं तो आकडा) आला १, मग मातीची घनता १.५ आणि ओलावा ०.३ धरला की रिटार्डेशन फॅक्टर (औषध पाण्यापेक्षा किती पट सावकाश सरकतं) ६. रिचार्ज (जमिनीत मुरून भूजलाला मिळणारं पाणी) वर्षाला ३०० मिमी, त्याला ओलाव्याच्या ०.३ ने भागलं की पाणी वर्षाला १ मीटर खाली सरकतं आणि अ‍ॅट्राझिनला पहिला मीटर ओलांडायलाच ६ वर्षं लागतात. तोवर ३६ हाफ-लाइफ उलटलेल्या असतात, उरतं काय तर दशांश चिन्हानंतर दहा शून्यं! आणि इकडे विहिरीच्या नमुन्यात ०.४ मायक्रोग्रॅम प्रति लिटर, तेही पाणी १० मीटरवर असताना. काय सुटतंय?

झरा:
लॅबचा घोळ असेल. ब्लँक (औषध नसलेल्या शुद्ध पाण्याचा नमुना) दिला होता का?

मातीपाणी०७:
दिला होता, तो स्वच्छ आला. परत नमुना काढला तरी तेच. शिवाय डिसइथाइल अ‍ॅट्राझिनपण ०.१ सापडलंय, म्हणजे मूळ औषध मोडून तयार होतं ते.

खोलवर:
आधी एक गणित करून बघा. हेक्टरी १ किलो फवारलं, ३०० मिमी रिचार्ज म्हणजे हेक्टरी ३० लाख लिटर पाणी, सगळंच्या सगळं औषध त्यात उतरलं तर ३३३ मायक्रोग्रॅम प्रति लिटर होईल. तुमचं ०.४ म्हणजे त्याच्या ०.१२ टक्के. म्हणजे ९९.८८ टक्के औषधाच्या बाबतीत तुमचं मॉडेल अगदी बरोबर असलं तरी विहिरीत हाच आकडा येऊ शकतो, कारण उरलेलं चिमूटभर मातीच्या कणांतून झिरपतच नाही, ते भेगा, कुजलेल्या मुळांच्या वाटा, गांडुळांची बिळं यातून जातं आणि फवारणीनंतर लगेच जोराचा पाऊस झाला तर काही तासांत वरचा थर पार करतं. वर्षाचा सरासरी रिचार्ज घेतला की हा पाऊस गणितातून पुसलाच जातो, त्यामुळे निदान रोजचा पाऊस तरी घाला. मॅक्रो नावाचं मॉडेल मातीचा गाभा आणि भेगा वेगवेगळ्या धरतं, ते वापरून बघा.

दुसरं म्हणजे १ टक्का कर्ब फक्त वरच्या थरात असतो हो. खाली ०.१ धरला तर फॅक्टर ६ वरून १.५ वर येतो, आणि तिथे औषध मोडणारे जिवाणू कमी म्हणून ६० दिवसांची हाफ-लाइफही लागू नाही. एकदा वरचा मीटर सुटला की खालचे ९ मीटर साडेतेरा वर्षांत, म्हणजे आज सापडतंय ते जुन्या फवारणीचंही असेल. जर्मनीत १९९१ मध्ये अ‍ॅट्राझिनवर बंदी आली, तरी पुढे कित्येक वर्षं तिथल्या भूजलात ते सापडत राहिलं.

गंमत म्हणजे १९८९ चा जीयूएस इंडेक्स (औषध भूजलात झिरपेल का याचा ढोबळ अंदाज देणारं सूत्र) तुमच्याच हाफ-लाइफ आणि केओसीवरून ३.५६ देतो, आणि २.८ च्या वर गेलं की ते झिरपणारं औषध.

पंपवाला:
एवढं मातीत शिरायच्या आधी विहिरीभोवती एक चक्कर मारा ना. फवारणीचे पंप भरणं, टाक्या धुणं तिथेच चालतं का? केसिंगच्या (विहिरीतल्या पाइपच्या) भोवतीचं, वरचं पाणी आत जाऊ न देणारं सील धड आहे का? डिसइथाइल ०.१ आणि मूळ औषध ०.४ म्हणजे गुणोत्तर जेमतेम पाव, म्हणजे औषध मातीत फार रेंगाळलेलं नाही. सावकाश झिरपलं असतं तर वाटेत बरंच मोडलं असतं. मला तर सरळ वरून गेल्यासारखं वाटतंय.

खोलवर:
पण कमी गुणोत्तर भेगांतून आलेल्या औषधाचंही येतं, त्यावरून दोन्हीतला फरक कळत नाही. विहिरीचा पंप बराच वेळ चालवून थोड्या थोड्या वेळाने नमुने घ्या. विहिरीलगतची गळती असेल तर आकडा उतरत जाईल, सगळ्या शेतातून येत असेल तर बहुधा तसाच राहील. आणि भूजल ज्या बाजूने येतं तिकडच्या विहिरीचाही एक नमुना हवाच.

झरा:
बरं, पण ०.४ धोक्याचं आहे का?

पंपवाला:
कुणाला विचारता त्यावर आहे. युरोपात मर्यादा ०.१, जवळपास कुठल्याही एका कीटकनाशकाला (तणनाशकंही त्यातच), मग ते विषारी किती हे सहसा बघायचं नाही. अमेरिकेत अ‍ॅट्राझिनला ३. त्यामुळे तेच पाणी एकीकडे चौपट वर, दुसरीकडे पास.

मातीपाणी०७:
मस्त, आधी पंप चालवून नमुने घेते. सील कुणी तपासलंय असं वाटत नाही, तेही बघते. मॅक्रोला भेगांचे आकडे लागतील ते कुठून आणायचे, सांगेल का कुणी?