मदत हवी आहे: जुने पाचिंको यंत्र, १५ छर्र्यांऐवजी चार-पाचच पडतात

तळघरातला
येथे न्यू जर्सीत शेजारच्या आजोबांनी घर रिकामे करताना त्यांचे १९७०च्या दशकातले पाचिंको यंत्र (खिळ्यांच्या उभ्या पाटावर छोटे पोलादी गोल छर्रे उडवायचा जपानी खेळ) मला दिले. गेले तीन शनिवार-रविवार मी त्यात घालवले आहेत आणि आता धीर सुटत चालला आहे. छर्रा वर उडतो, खिळ्यांतून खडखडत उतरतो, बक्षिसाच्या कप्प्यात पडतो, घंटाही वाजते. पण खालच्या ताटलीत बक्षिसाच्या १५ छर्र्यांऐवजी कधी चार, कधी पाच येतात आणि काल एकदा तर एकही आला नाही. ज्यांनी हे यंत्र स्वतः उघडले आहे त्यांनी कृपया नेमका उपाय सांगावा.

नागोयाकर
यंत्र कोणत्या कंपनीचे आहे, ते कशाला टेकवून उभे केले आहे, आणि एकूण किती छर्रे कोठे भरले आहेत, यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही.

तळघरातला
निशिजिनचे आहे. छर्रे शंभर आहेत आणि अर्थातच समोरच्या ताटलीत भरले आहेत. यंत्र सोफ्याला टेकवले आहे, पण त्याचा येथे काय संबंध?

चिंचगुळाची आमटी
माझ्याकडे हे यंत्र नाही, परंतु खिळे पितळी असतात एवढे ठाऊक आहे. चिंच आणि मीठ लावून घासा, सोन्यासारखे लखलखतील.

लेथवाला
ताई, ते खिळे प्लायवूडमध्ये ठोकलेले असतात. चिंचेचे पाणी मुळाशी मुरले की पाट फुगेल आणि वरचे चित्र सुटेल. तळघरातले दादा, तुम्ही कोरड्या फडक्याने पुसा आणि वाकडे दिसणारे खिळे पकडीने सरळ करून घ्या.

नागोयाकर
लेथवाले साहेब, पहिले वाक्य शंभर टक्के बरोबर आणि शेवटचे तितकेच घातक आहे. ते खिळे किंचित वर कललेले असतात, म्हणजे छर्रा काचेवर आदळत नाही. आणि कप्प्यांच्या तोंडाशी असलेले खिळे पाचिंकोघरातला खिळेकारागीर, ज्याला तिकडे ‘कुगिशी’ म्हणतात, छोट्या हातोडीने मुद्दाम केसभर इकडेतिकडे करीत असे. आपल्याला जो वाकडेपणा वाटतो तो बहुधा कोणाच्या तरी हातचा हिशेब असतो. खिळ्यांना हात लावू नये.

आता मूळ प्रश्न. समोरच्या ताटलीतले छर्रे खेळण्यासाठी असतात, तर बक्षिसाचे छर्रे पाठीमागच्या वरच्या टाकीतून येतात. टाकीतून ते उतरत्या पन्हळीने येऊन एका उभ्या नळीत मोजके साठतात. जिंकलेला छर्रा मागे एका तरफेवर पडतो, त्याच्या वजनाने ती कलते, नळीचा खटका उघडतो आणि साठलेले सगळे छर्रे एकदम सुटतात. मग तरफ पूर्ववत होते आणि नळी पुन्हा भरते. या सगळ्याला वीज लागत नाही. जिंकलेल्या छर्र्याचे वजन जेमतेम साडेपाच ग्रॅम असते, त्यामुळे कोठे जराही अडखळले तरी काम बिघडते. टाकीत काहीशे छर्रे हवेत, कारण मागच्यांच्या भारानेच पुढचे सरकतात.

सोफा काढा. यंत्र सुमारे ८१ सेंमी उंच असते. बाजूला ओळंबा सोडून पाहा, वरची कड खालच्या कडेपेक्षा बोटभर मागे असली पाहिजे.

लेथवाला
खिळ्यांचे मान्य. टाकीत भरायला छर्रे पुरत नसतील तर ७/१६ इंची बेअरिंगचे छर्रे चालतात. मूळचे ११ मिमी असतात, हे ११.११ मिमी भरतात.

नागोयाकर
बहुतेक यंत्रांत चालतात, पण आधी दोन-चार पन्हळीतून सोडून पाहावेत.

कायदेपंडित
हे यंत्र भारतात, म्हणजे महाराष्ट्रात आणणार असाल, तर तेथला १८८७चा जुगारप्रतिबंधक कायदा विसरू नका. जपानमध्ये तरी पाचिंकोघरात रोख पैसे कोठे मिळतात? छर्र्यांच्या बदल्यात वस्तू मिळते आणि ती शेजारच्या वेगळ्या दुकानात विकावी लागते.

तळघरातला
भारतात आणणार आहे असे मी कोठेही म्हटलेले नाही. टाकीत दोनशे छर्रे भरले आणि यंत्र ओळंब्याने उभे केले. आता सात-आठ येतात. कदाचित महत्त्वाचे नसेल, पण पहिल्याच दिवशी मी मागच्या सगळ्या भागांवर गंज घालवायचा तेलाचा फवारा मारला होता.

नागोयाकर
हे आधी सांगितले असते तर आपले दोन दिवस वाचले असते! तेलावर धूळ बसून चिकटा होतो. पन्हळीत छर्रे रेंगाळतात, नळी अर्धीच भरते आणि तेवढ्यात पुढचा छर्रा तरफेवर पडला की अर्धेच सुटतात. तरफेचा आस आणि पन्हळ आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा, प्लास्टिकच्या रंगीत भागांना मात्र ते लावू नका. छर्रे जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून दोघांनी दोन टोके धरून घोळवा. पुन्हा तेल घालू नका.

लेथवाला
आणि मागून दोन वायरी लोंबत असतील तर त्या भिंतीतल्या ११० व्होल्टला मुळीच जोडू नका. त्या फक्त दिव्यांसाठी असतात आणि कमी दाबावर चालतात.

तळघरातला
कापूस चार वेळा काळा निघाला. तरफेच्या आसाशी मधासारखा घट्ट थर होता. त्यानंतर सलग सहा वेळा मोजले: १५, १५, १५, १४, १५, १५. आभारी आहे. आता मधले ट्यूलिप (पाकळ्यांसारखे उघडमीट करणारे कप्प्याचे तोंड) पहिला छर्रा पडल्यावर उघडते, परंतु दुसरा पडल्यावर मिटत नाही.

नागोयाकर
त्या ट्यूलिपवरही फवारा मारला होता का?

तळघरातला
हो.